दोन ते अडीच

टण्ण!

दाराबाहेर चमचा पडला आणि दुपारची शांतता मोडली. बंद खोलीत ती दचकून जागी झाली. गुडघे जमिनीवर, डोकं पलंगावर, गालाखाली उघडं पवित्र शास्त्र. घड्याळात अडीच. आजही 'हे प्रभू' एवढंच म्हणून झालं होतं. पुढचं सगळं झोपेनं गिळलं.

सासूबाईंच्या हातून रोज याच सुमाराला चमचा पडायचा. 'वय झालं, हातात काही टिकत नाही,' त्या म्हणायच्या. सुईत दोरा मात्र एका दमात ओवायच्या.

लग्नाच्या दिवशी तिनं देवाला शब्द दिला होता, रोज अर्धा तास फक्त तुझा. मग दोन लेकरं झाली. सकाळची लाँड्रीतली इस्त्री आली. धाकट्याला दात यायला लागले आणि रात्री डोळ्याला डोळा लागेना. दुपारी दोन ते अडीच सासूबाई मुलांकडे बघायच्या, तेवढाच काय तो निवांतपणा. आणि गेले तीन महिने देवाला दिलेल्या त्या अर्ध्या तासात ती चक्क घोरत होती.

ती बाहेर आली. सासूबाई भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. धाकटा शेजारी पालथा झोपला होता. चार वर्षांची लेक बाहुलीला दटावत होती, "गप्प! आत मम्मी आहे!"

"आधी तोंड धू," सासूबाई म्हणाल्या. "आणि ऐक. रविवारी चर्चच्या उपासनेत तुला साक्ष द्यायचीय. रोजच्या धबडग्यात देवाशी विश्वासू कसं राहायचं, यावर."

"मी?"

"मग कोण, मी? पाळकीणबाईंना मीच सांगितलं, आमच्या सुनेच्या प्रार्थनेत एका दिवसाचा खाडा नाही."

दोन दिवस तिला घास गोड लागेना. खरं बोलावं तर सासूबाईंची चारचौघांत शोभा होणार. खोटं बोलावं तर देवाच्याच घरात उभं राहून? शनिवारी तिनं धीर केला. सासूबाई शर्टाला बटण लावत होत्या.

"आई, मी झोपते."

"झोप की. दिवे लागायला वेळ आहे अजून."

"तसं नाही हो! प्रार्थनेत झोपते. रोज."

सुई क्षणभर थांबली. "बरं."

"बरं काय? उद्या सगळ्यांपुढे काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस तेच."

"तुमची मान खाली जाईल."

"माझी मान माझ्या खांद्यावर आहे, तिचं मी बघेन. तू तेवढं खरं बोल." त्यांनी दातानं दोरा तोडला आणि विषयही.

रविवारी ती साक्ष द्यायला उभी राहिली. सासूबाई पहिल्या रांगेत, पाठ ताठ.

"मी रोज देवापुढे गुडघे टेकते," ती म्हणाली, "आणि पाच मिनिटांत घोरायला लागते. दिलेला शब्द मला पाळता आला नाही. पण उद्या मी पुन्हा गुडघे टेकणार."

मग पाळकीणबाईंना हसू आवरेना. "अगं, तू निदान घरी झोपतेस! मी तर आमच्या यांच्या उपदेशात झोपते!"

सगळं प्रार्थनामंदिर हसलं. सगळ्यात मोठ्यानं पाळक हसले. जाताना कितीतरी बायकांनी तिचा हात दाबला आणि कानाशी येऊन सांगितलं, "मीसुद्धा गं!" घरी येताना तिला पिसासारखं हलकं वाटत होतं. धाकटासुद्धा कडेवर जड लागेना.

दुपारी सगळे जेवायला बसले. आज प्रार्थना म्हणायची पाळी लेकीची होती. तिनं डोळे घट्ट मिटले, अन्नासाठी देवाचे आभार मानले, बाहुलीसाठीही मानले, आणि ठसक्यात "आमेन" म्हणून ताटातला चमचा उचलून खाली टाकला.

टण्ण!

"अगं, हे काय?"

सासूबाई एकदम मीठ शोधायला लागल्या. मीठ त्यांच्या समोरच होतं.

"असंच करतात," लेक म्हणाली. "तू आत झोपलीस ना, की आजी तुझ्या दाराबाहेर गुडघे टेकते. 'देवा, हा अर्धा तास माझ्या सुनेच्या वाटचा,' असं म्हणते. मग खूऽऽप वेळ डोळे मिटते, आमेन म्हणते आणि चमचा पाडते. मम्मी, आमेन म्हटल्यावर चमचा पाडावाच लागतो ना गं?"