मापापुरती

ड्रेस घालून डॉक्टरीणबाई आरशासमोर आल्या आणि टेलरबाईंच्या छातीत धस्स झालं. ड्रेस चुकला म्हणून नव्हे, नेमका बसला म्हणून. पोटावर ताण नाही, काखेत चुणी नाही, पुढून कुठं वर उचललेला नाही. सहाव्या महिन्यातल्या बाईला याहून चांगला कुणी शिवून दाखवावा.

"पण माप तर मी तिसऱ्या महिन्यात दिलं होतं," डॉक्टरीणबाई वळून वळून बघत म्हणाल्या. "पोट कुठवर येईल हे तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," टेलरबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं खाली बसून घेर टाचायला लागल्या.

कसला अंदाज नि कसलं काय! पडद्यामागच्या खोलीत त्यांची सोळा वर्षांची पोर बसली होती आणि तिलाही सहावाच लागला होता. डॉक्टरीणबाईंना दवाखाना सोडून यायला सवड नाही, म्हणून ड्रेस कच्चा टाचला की टेलरबाई तो पोरीच्या अंगावर चढवून बघायच्या. पोर मुकाट उभी राहायची. काम झालं की ड्रेस उतरवायचा आणि पुन्हा बापाचा जुना सदरा अडकवायचा. ती मावशीकडं शिकायला गेलीय, असं गल्लीला सांगून ठेवलं होतं. दुकानाची कडी वाजली की त्या खोलीतल्याच कापायच्या टेबलाखाली जाऊन बसायचं, हे तिला सुरुवातीला एकदा रागावून सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.

बाकावर समोरच्या घरातली बातमीकाकू बसली होती. तिला काही शिवायचं नव्हतं, पण ड्रेस कसा होतो हे पाहिल्याशिवाय तिला घास गेला नसता. लग्न नको पण मूल हवं, असं चारचौघांत ताठ मानेनं सांगणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही, असं ती डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगत होती. खरं तर टेलरबाईही येईल त्या गिऱ्हाइकाला हेच सांगायच्या. आमच्या डॉक्टरीणबाई, आमच्या डॉक्टरीणबाई, असं म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती.

बोलता बोलता काकूची गाडी पलीकडच्या गल्लीतल्या, दिवस गेलेल्या नववीतल्या मुलीवर आली. तिला शाळेतून काढली ते बरंच केलं म्हणे, नाहीतर बाकीच्या पोरी बिघडल्या असत्या.

"असल्या पोरीचं थोबाड रंगवायला हवं," काकू म्हणाली. "आणि तिच्याआधी तिच्या आईचं. डोळे काय गहाण टाकले होते?"

टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. बोलता येत नाही याचं त्यांना बरंच वाटलं. मान मात्र आपसूक हलली, हो हो म्हणत. ती हलवतानाच त्यांची नजर वर गेली. आरशात पडद्याची फट दिसत होती आणि फटीत सदऱ्याची बाही.

"लग्न तर माझंही झालेलं नाही, काकू," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या.

"अहो, तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला जाण आहे, हातात दवाखाना आहे. ती शेंबडी पोर, तिला काय कळतंय?"

"म्हणूनच म्हणते. माझ्या हाकेला चार माणसं आहेत. तिच्या हाकेला कोण आहे?"

काकूनं चष्मा काढला, पदरानं पुसला, बाकावर ठेवला आणि उकाड्यावर बोलायला लागली. डॉक्टरीणबाईंनी नवव्या महिन्यासाठी आणखी एक ड्रेस सांगितला, मागंच देऊन ठेवलेल्या कापडाचा, माप न घेता, तुमचा अंदाजच बरा म्हणून. दोघी बरोबरच बाहेर पडल्या.

टेलरबाई पडदा सारून आत गेल्या. रडलेली असेल असं वाटलं होतं, पण पोर खाली मान घालून नव्या ड्रेसच्या कापडाची घडी उलगडत होती. मान हलवलेली तिनं पाहिली होती की नाही, विचारायची हिंमत टेलरबाईंना झाली नाही.

"आई," पोर कापडावरून हात फिरवत म्हणाली, "यातलं उरलं, तर मला एक शिवशील?"

उरलं तर. टेलरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणारी आई, आणि तिची पोर एवढे दिवस बापाच्या सदऱ्यात! इतके दिवस लाज वाटत होती ती पोरीची. आज पहिल्यांदा स्वतःची वाटली, आणि ही जास्त जड होती.

त्यांनी सवयीनं चार टाचण्या ओठांत धरल्या, टेप काढली, एक टोक पोरीच्या हातात देऊन खांद्याशी धरायला लावलं. माप रोजचंच होतं, तोंडपाठ होतं. तरी त्यांना ते घ्यायचं होतं.

तेवढ्यात बाहेर कडी वाजली.

"माझा चष्मा राहिला गं," काकूचा आवाज आला. मग पावलं पडद्याकडं वळली. "आत कुणाशी बोलत होतीस?"

टेलरबाईंची पाठ पोरीकडं, तोंड पडद्याकडं. तोंडात टाचण्या आताही होत्या. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी त्या एकेक करून काढल्या आणि तळहातावर घेतल्या.

"माझ्या मुलीशी," त्या म्हणाल्या. "माप घेतेय तिचं."

आणि त्यांनी वळून पाहिलं, तर पोर जागेवर नव्हती. कडी वाजल्याबरोबर ती टेबलाखाली जाऊन बसली होती. टेप मात्र त्यांच्या मुठीतून टेबलाखाली ताणून गेली होती. पलीकडचं टोक पोरीनं सोडलेलं नव्हतं.