बारा प्रयोग

“आजही नाही उगवली,” भिंगरी म्हणाली.

काचेच्या ग्लासात ओल्या कापसावर घेवड्याच्या सहा बिया होत्या. आठवड्यापूर्वी ठेवल्या तशाच. लिफ्टवाल्यानं ग्लास खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून पाहिला, नाकाशी धरला.

एकोणीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं, कुठे काय अडलंय. कापसावरची बी का अडलीय, ते मात्र कळत नव्हतं.

“बियाच जुनाट असतील,” तो म्हणाला.

“नाचता येईना, अंगण वाकडं.”

भिंगरी आठ वर्षांची होती. ही म्हण ती शाळेत नुकतीच शिकली होती आणि मिळेल तिथे वापरत होती. तो हसला. पण ते त्याला लागलं.

भिंगरी त्याची मुलगी. राहायची आईकडे. आई त्याच्यापासून वेगळी झाली होती, आणि आता तिनं कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांशी लग्न केलं होतं. शाळेनं घरी करायच्या बारा प्रयोगांचं पुस्तक दिलं, तेव्हा भिंगरीनं हट्टच धरला, की करीन तर बाबाबरोबर. म्हणून दर रविवारी ती इथे यायची. पहिल्या दिवशी आई दारातूनच म्हणाली होती, “पुस्तकासाठी पाठवतेय. मनावर घेऊन कर.”

त्यानं मनावर घेतलं. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तो ते पुस्तक वाचायचा. बरोबरीचे लोक म्हणायचे, “काय राव, परीक्षा आहे काय?” तो म्हणायचा, “आहेच.”

पहिले दोन रविवार झकास गेले. चार प्रयोग झाले. बाटलीतल्या सोड्यावर व्हिनेगर पडलं आणि तोंडावरचा फुगा टम्म फुगला, तेव्हा भिंगरी स्वयंपाकघरभर नाचली होती.

तिसऱ्या रविवारपासून मात्र माशी शिंकली.

पाचवा प्रयोग सावलीच्या घड्याळाचा होता. गच्चीत काठी उभी करायची आणि दर तासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. तो चहा टाकायला खाली जायचा, वर येऊन पाहतो तर खडे भलतीकडेच.

“कबुतरं असतील,” भिंगरी म्हणायची.

जमल्याशिवाय पुढचा प्रयोग करू नये, असं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. तीन रविवार घड्याळ बिघडलं. त्यापुढच्या रविवारी त्यानं चहावर पाणी सोडलं, दिवसभर टोपी घालून उन्हात बसून राहिला, तेव्हा कुठे ते जमलं.

मग बिया. त्यानं दुकान बदललं, कापूस बदलला, ग्लासाची जागा बदलली. पाणी घालायचा मान भिंगरीचा. ती ते स्वयंपाकघरातून स्वतः भरून आणायची, थेंबही न सांडता.

“लिफ्ट वर जाते, मग आपली बी का नाही जात गं?” तो विचारायचा.

“दमली असेल,” ती म्हणायची, आणि दोघं पुन्हा नव्या बिया मांडायचे. मग उरलेला दिवस पत्ते, गप्पा, आणि जिन्यात कोण आधी खाली पोचतं त्याची शर्यत.

दहाव्या रविवारी संध्याकाळी आई न्यायला आली. तिनं पुस्तक चाळलं.

“अजून पाचच?”

त्यानं बियांचा ग्लास बाजूला सरकवला.

“वर्गातल्या सगळ्यांचं होत आलंय. हे म्हणत होते, आठ दिवसांचं काम आहे.”

ती रागानं बोलली नव्हती. म्हणूनच ते त्याच्या जास्त जिव्हारी लागलं. आपल्यापायी पोर मागे पडतेय, आणि घरात हे सगळं येणारा माणूस असताना. त्यानं पुस्तक तिच्या हातात दिलं.

“सरांना सांग, तुम्हीच करून घ्या. मी हात टेकले.”

“बाबा, अजून एकदा लावू ना,” भिंगरी म्हणाली. “एकदाच.”

“नको गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते.”

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही. चपला घालून आईच्या पुढेच जिना उतरली. मागे वळून तिनं पाहिलं नाही. पोरीला बापाची लाज वाटली, असं त्याला वाटलं.

सरांनी उरलेले सात प्रयोग खरोखरच आठ दिवसांत उरकले. पुढच्या रविवारी कसलासा क्लास होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे. मग सरांची दुसऱ्या शहरात बदली झाली. त्यानं एकदाही भांडून तिला मागितलं नाही. ज्याला साधी बी रुजवता आली नाही, त्यानं कोणत्या तोंडानं मागायचं? वाढदिवसाला फोन, मे महिन्यात एखादी धावती भेट, एवढंच उरलं.

वीस वर्षं गेली. भिंगरी दातांची डॉक्टर झाली. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन दिवसांची रजा काढून ती आली. दुपारी तिनं चहा केला आणि त्याच्या पलंगापाशी स्टूल ओढून बसली.

“एक बोलू?” तो म्हणाला. “तेव्हा मला ते प्रयोग जमायला हवे होते. जमले असते ना, तर तुझे रविवार सुटले नसते. इतकी वर्षं हेच मनात खातंय.”

तिनं कप खाली ठेवला.

“आईनं तुला सांगितलंच नव्हतं?”

“काय?”

“दुसऱ्या रविवारी घरी जाताना ती म्हणाली, चार झाले, आता आठच राहिले. पुस्तक संपलं की तिकडे जाणं बंद. बिया चांगल्या होत्या, बाबा. पाण्यात मी मीठ कालवत होते.”