सुताराची मुलगी

भूगोलाच्या निवृत्त बाई वाचनालयाच्या वरच्या खोलीत पाचव्या खुर्चीखाली आडव्या झाल्या होत्या आणि तिचा एक स्क्रू काढून पर्समध्ये टाकत होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी शाळेचा खडूसुद्धा घरी नेला नव्हता. पण प्रश्न एका माणसाच्या जिवाचा होता.

महिन्यापूर्वी त्यांना एका मुलीचा फोन आला होता. नाक इतकं चोंदलेलं, की निम्मे शब्द नाकातच अडकत होते.

"बाई, मी पुलापलीकडच्या सुताराची मुलगी. मी लांब असते. बाबा फार खचलेत हो. आपली हत्यारं एकेक करून वाटून टाकताहेत. मदतीचं नाव काढलं की खेकसतात. तुमच्या गुरुवारच्या मंडळात त्यांना कसंही करून आणा. हे काम तुम्हीच करू शकता." आणि ती शिंकली. तीनदा.

मंडळ आपण सोडलं, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. सहा वर्षांपूर्वी, स्वतःच्या वाईट दिवसांतून बाहेर पडल्यावर, त्यांनीच ते सुरू केलं होतं. तिथे उपदेशाला बंदी. त्या वाटेने जाऊन आलेली माणसं गोल करून बसत आणि एकमेकांचं ऐकत. भिंतीवर मदतीच्या फोनचा नंबर बाईंच्याच टपोऱ्या अक्षरात लावलेला. चार महिन्यांपूर्वी मात्र 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून त्या घरी बसल्या होत्या. पण पोरीला नाही कसं म्हणणार?

म्हणून ही स्क्रूची युक्ती. दर गुरुवारी तासभर आधी यायचं, एक खुर्ची खिळखिळी करायची आणि मिस्त्रींना बोलावणं धाडायचं. घरात नेमका एकच स्क्रूड्रायव्हर सापडला, म्हणून बरं. हत्यारांची पेटी त्यांनी मागेच पोस्टमनला देऊन टाकली होती. घर आवरायला काढलं की असं होतं.

मिस्त्री आले, वाकले, खुर्चीखाली डोकावले.

"पुन्हा एकच स्क्रू?"

"खुर्च्या जुन्या झाल्यात."

"जुना स्क्रू सैल होतो हे कबूल, बाई. पण तो जातो कुठे?"

"ते तुम्ही शोधा. माझा विषय भूगोल होता."

मिस्त्रींनी नवा स्क्रू बसवला. "आता कुणीतरी तासभर बसून पाहायला हवं. माणूस बसल्याशिवाय खुर्ची कळत नाही."

"मग बसा की! घाई कसली?"

मिस्त्री बसले. मंडळी जमली. पोस्टमन आला, निवृत्त कंडक्टर आला, औषधांचं दुकान चालवणारी औषधवाली आली. सगळ्या गावाची सर्दी बरी करणाऱ्या ह्या बाईची स्वतःची सर्दी बारमाही होती.

"तुमचा पृथ्वीचा गोल आमच्या दुकानात मस्त दिसतो हं, बाई," असं म्हणून ती सवयीने तीनदा शिंकली.

"धूळ पुसत जा त्याची," बाई म्हणाल्या.

"आणि तुमचं व्हायोलिन आमच्या घरी सगळ्यांचा छळ करतंय," कंडक्टर म्हणाला. "कधी परत नेताय?"

"दिलेली वस्तू परत घेत नाहीत."

गुरुवारामागून गुरुवार गेले. मिस्त्री नुसतेच ऐकत. अधूनमधून बाईंकडे बघत, जेवलात का विचारत. आठव्या गुरुवारी मंडळी पांगल्यावर बाईंनी त्यांना थांबवलं. आडून आडून विचारायचं नाही, असा नियम त्यांनीच घालून दिला होता. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बाहेर पडायला त्याला दार मिळतं.

"मिस्त्री, जीव संपवावा असं मनात येतं का?"

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "नऊ वर्षांपूर्वी यायचं. रोज. शेजाऱ्याने असंच तोंडावर विचारलं, आणि दवाखान्यात माझ्याबरोबर येऊन बसला. आता नाही येत." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आणि तुमच्या?"

"चहा गार होतोय," बाई म्हणाल्या.

'आता नाही येत' म्हणे! हा पठ्ठ्या काहीतरी लपवतोय, हे बाईंनी तिथल्या तिथे ताडलं. शाळेत छत्तीस वर्षं काढली होती; उत्तर टाळणारा माणूस त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

घराची आवराआवर जवळपास संपली होती. शेजारच्या वहिनींकडे मांजर सोपवलं की झालं. ते या रविवारी करायचं ठरलं होतं. बाईंनी ते पुढे ढकललं. सुताराचं मार्गी लागू दे, मग बघू.

शनिवारी मिस्त्रींचा निरोप आला: उद्या सकाळी कारखान्यावर या.

बाई उजाडताच गेल्या. ओक्याबोक्या भिंती बघायची मनाची तयारी करूनच त्यांनी दार लोटलं. भिंतीवर रंधे होते, पटाश्या होत्या, करवती उंचीप्रमाणे ओळीत टांगलेल्या होत्या. एकही खुंटी रिकामी नव्हती.

बाईंच्या जिवात जीव आला. "वा, मिस्त्री! सगळी परत आणलीत! तुमच्या मुलीला आधी कळवा. पोरीने फार घोर लावून घेतला होता."

"मुलगी?" मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून बाकावर ठेवली. "मला दोन मुलगे आहेत, बाई."

मागच्या खोलीत कुणीतरी शिंकलं. तीनदा.

मिस्त्रींनी बाकावरची चादर बाजूला केली. खाली पृथ्वीचा गोल होता, व्हायोलिन होतं, हत्यारांची पेटी होती. मग त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली, हाताने हलवून पाहिली आणि बाईंसमोर ठेवली.

"बसा. त्या दिवशी मी तुम्हाला एक विचारलं होतं. आज चहा ठेवलेलाच नाही."