तिसरा तक्ता

"आहे त्या तक्त्यांतून नवे तक्ते काढणं, हेच मानवजातीचं भविष्य आहे," असं दानानं इर्बिद शहरातल्या आमच्या गल्लीतल्या बेकरीत जाहीर केलं. मानवजात म्हणून तिथे फक्त तिचे वडील अबू गालिब हजर होते, आणि ते बोळकं तोंड हलवत तीळ निवडत होते.

संगणकात कोण काय नेतं याचा, म्हणजे विक्रीचा एक तक्ता होता, गल्ल्यावर कोण कधी बसतं याचा दुसरा. दोन्ही जोडून तिला सिद्ध करायचं होतं, की विधुर वडिलांनी आता घरी आराम करावा.

तिसरा तक्ता उमटला आणि दानानं तो पुन्हा वरपासून वाचला.

"काय गं, मी तोट्यात?"

"तोट्यातच. पण बाबा, समोरच्या उम्म सुहैल, त्या विधवा मास्तरीणबाई, रोज एकच तिळाचा पाव नेतात. तोही तुम्ही गल्ल्यावर असाल तरच."

"योगायोग असेल."

"तुम्ही महिनाभर आजारी होतात, तेव्हा त्यांनी पावच खाल्ला नाही. हाही योगायोग?"

अबू गालिब बराच वेळ निवडलेलेच तीळ निवडत राहिले.

"मग, उद्यापासून घरी थांबताय ना?"

"बघू. सकाळी तेवढी माझी कवळी आठवणीनं दे."