सहावं पान

कणकेचा गोळा माझ्या हातात देऊन हे म्हणाले, "घट्ट मूठ आवळ." मला वाटलं, म्हातारपणी पोरखेळ सुचलाय. आवळली. माझ्या बोटांच्या खळग्या उमटलेला तो गोळा त्यांनी उन्हात वाळत ठेवला, आणि मी पोळ्यांकडे वळले.

मग रोज दुपारी डोळा लागता लागता घासण्याचा आवाज यायचा, नदीपलीकडून आल्यासारखा. जुन्या कानशीचं पातं आणि शिसवाची मूठ, अशी लाकूड कोरायची एक पटाशी ते घडवत होते. हात थरथरायचे, त्यामुळे दिवसाच्या कामाला आठवडा लागला. जांभळट भुसा कवडशात तरंगत राहायचा. कोपऱ्यात त्यांचा अर्धवट तंबोरा चार महिने तसाच उभा होता. त्यावर वेलीची पाच पानं कोरलेली, सहावं नुसतं पेन्सिलीनं काढलेलं.

आज त्यांनी पटाशी माझ्यापुढे धरली. चाळीस वर्षं मी या खोलीतल्या ढलप्या तेवढ्या झाडल्या होत्या. मूठ हातात घेतली, तर एकेक बोट आपापल्या जागी जाऊन बसलं.

"ही तुम्हाला लहान होईल," मी म्हणाले.

"हो," म्हणत त्यांनी तंबोरा माझ्या मांडीवर आडवा ठेवला.