दप्तरी घोडेवाला

“वाच की रे, काहून गप झालास?” उत्तमरावानं पान लावता लावता विचारलं.

हरिचंद पत्र धरून उभा होता. ते शेजारच्या जहागिरीच्या दिवाणजींचं होतं.

कचेरीच्या नोंदवहीत हरिचंद घोडेवाला होता. तो लागला त्याच वर्षी, निजामी फसली सन तेराशे चाळीसमध्ये, घोडा मेला, त्याला अकरा वर्षं झाली. वहीत मात्र तो जिवंत होता. त्याच्या वाट्याचा हरभरा उत्तमरावाच्या घरी शिजत होता. उत्तमराव वहीत कारकून होता. जहागीरदाराच्या मेहुण्याचा साडू म्हणून तो लागला, आणि त्याला सही तेवढी येत होती. उर्दूतले अर्ज, हुकूम, जबान्या, सगळं हरिचंद लिही. उत्तमराव खाली झोकदार सही ठोकी.

महिन्यापूर्वी शेजारच्या जहागिरीत कारकुनाची जागा निघाली. हरिचंदानं दाखला मागितला. “तूच लिव, पाहिजे ते लिव. मी सही करतो,” उत्तमराव म्हणाला.

हरिचंदानं बोरू घेतला आणि सवयीनं आधी नोंदवही उघडली. वहीला सोडून त्यानं कधी अक्षर लिहिलं नव्हतं. त्यानं सुरेख लिहिलं : अकरा वर्षं घोडेवाला. घोड्याची तक्रार नाही.

“मेलेलं जनावर तक्रार करतंय व्हय?” त्याची बायको अनुसूया म्हणाली. “हातात बोरू तुमच्या, अन् लिवलं काय, तर घोडेवाला!”

“दप्तरात न्हाई ते कसं लिवू?”

दिवाणजींनी दाखल्याची पहिली ओळ पाहिली आणि तबेल्याकडं बोट केलं. हरिचंद आल्या पावली परतला.

आणि आता हे पत्र. हरिचंदानं घसा खाकरून मराठीतून वाचलं, “तुमचा घोडेवाला परत पाठवला. मागाहून त्याचा दाखला नीट पाहिला. असं अक्षर, अशी भाषा या मुलखात दुसरी नाही. ज्यानं तो लिहिला त्याला पाठवा. कारकुनाची जागा त्याची.”

उत्तमराव पान तसंच टाकून उठला. “म्हंजे मलाच बोलावलंय की!”

“लिवला म्या हाय, सरकार.”

“कोन मानंल? तुझ्याच अक्षरात तू घोडेवाला हाईस.” उत्तमराव पोट धरून हसला. “लिव, परवा हजर होतो म्हणून. अन् तोंड पाडू नको, तुला बी संगं नेतो. तिथं बी लिवायला कोनी लागंलच. जा, उद्या तूच नेऊन दे हे.”

हरिचंदाचा हात नोंदवहीकडं गेला. वही उघडी होती. त्यानं ती मिटून बाजूला सारली आणि चार ओळी लिहिल्या.

“बराबर लिवलंस ना?”

“एकदम बराबर, सरकार.”

उत्तमरावानं सही ठोकली, वर फुंकरही घातली.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी कागद उलगडला. “हा कागद घेऊन आलेल्या इसमानंच तो दाखला लिहिला. आमच्या कचेरीचं सगळं लिहिणं गेली अकरा वर्षं हाच करतो. परवा हजर होईल तोही हाच. मला वाचता येत नाही. पुरावा म्हणून खाली माझी सही आहे.”