चाचणीचा नंबर

चार दिवस ऑफिसात काम, पाचव्या दिवशी पदवीचा अभ्यास, अशा बोलीवर मोठ्या सल्लागार कंपनीने तिला घेतलं होतं. तिथे सगळे तिला ‘शिकाऊ’च म्हणत. मेसेज पाठवणारा प्रोग्राम तपासताना तिने तोंडपाठ असलेला एकच नंबर टाकला, पाच महिन्यांपूर्वी वारलेल्या आईचा. अकरा वाजता बाबांचा फोन आला. “अगं, आईच्या मोबाइलवर सकाळपासून सत्तावीस मेसेज! ‘आपलं स्वागत आहे’ म्हणे. कोण गं हा शहाणा?” “बाबा, मीच ती शहाणी. चाचणीला तोच नंबर टाकला. लगेच काढते.” बाबा म्हणाले, “मी रोज चार्ज करतो तो. आज पहिल्यांदा वाजला बघ.” तिने प्रोग्राममधून नंबर काढून टाकला आणि दुपारी एकटीच डबा उघडताना स्वतःच्या फोनवरून आईच्या नंबरवर लिहिलं, “बाबा, जेवलात का?”